एक शिट्टी, दोन हात

लोकांना वाटतं बास्केटबॉल हा एक खेळ आहे. आमच्या बेटावर ते निदान तीन खेळ आहेत, आणि तिन्ही एकाच आठवड्यात, कधीकधी एकाच दिवशी, एकाच कोर्टवर चालतात. सकाळी नन्सच्या शाळांचे सामने अमेरिकन शालेय नियमांनी. संध्याकाळी गावांच्या लीगचे सामने आंतरराष्ट्रीय नियमांनी. आणि नाताळात अमेरिकेतल्या कॉलेजांची पोरं बर्फाला कंटाळून आमच्या समुद्रात डुंबायला येतात, जाता जाता एक स्पर्धाही खेळतात, तेव्हा तिसरंच पुस्तक. एका नियमात खेळाडूनं ओरडून टाइम-आउट मागितला तर द्यायचा, दुसऱ्यात त्याच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. प्रेक्षकाला यातलं काही ठाऊक नसतं, ठाऊक करून घ्यायची इच्छाही नसते. त्याला रस असतो फक्त पंचाच्या आईच्या चारित्र्यात.

सगळ्यात घातकी फरक रिंगवरचा. कुणी बॉल टाकला, तो रिंगला लागला आणि आत पडू की बाहेर पडू असा वरच नाचत राहिला, तर काय? अमेरिकन नियम सांगतो, हात लावायचा नाही. बचाव करणाऱ्यानं हात लावला तर बास्केट झाली असं धरून गुण द्या. आंतरराष्ट्रीय नियम सांगतो, एकदा रिंगला लागला की बॉल सगळ्यांचा, मारा खुशाल बाहेर. तोच बॉल, तीच रिंग, तोच हात, आणि इकडे गुण, तिकडे शून्य. पंचाला विचार करायला वेळ किती? शिट्टी तोंडातच असते, तेवढा.

हे सगळं मला एलादियो मास्तरांनी शिकवलं. काये गावच्या एका शाळेत ते कसरतीचे शिक्षक होते, मिशीला कलप लावायचे, आणि नियमांचं पुस्तक पाद्री बायबल धरतो तसं काखेत धरून फिरायचे. डोक्यात गोंधळ होऊ नये म्हणून त्यांनी शिट्टीच्या दोऱ्यांचे रंग ठरवून दिले होते. आंतरराष्ट्रीय सामन्याला काळी, शाळांना लाल, कॉलेजांना निळी. कपडे बदलताना ते हटकून विचारायचे, "आज कुठे?" आपण म्हणायचं, "जगात," म्हणजे आंतरराष्ट्रीय, किंवा "तिकडे," म्हणजे अमेरिकन. उत्तर दिल्याशिवाय दाराबाहेर सोडत नसत.

आणि त्यांचा एक दंडक होता, एक शिट्टी, दोन हात. जोडीदारानं शिट्टी वाजवली की दुसऱ्यानंही त्याच क्षणी हात वर करायचा. का वाजवली, बरोबर की चूक, ते नंतर. "लोकांना दोन हात दिसले पाहिजेत, पोरी," ते म्हणायचे. "एकटा हात दिसला की लोक त्याला खातात." दुसऱ्या जिल्ह्यांतले पंच यावरून आमची टिंगल करायचे, की मास्तरांच्या शाळेतले पंच कवायत करतात. आम्हाला त्याचा अभिमान होता. मला तर फारच होता.

त्या वर्षी माझं नाव आंतरराष्ट्रीय बिल्ल्यासाठी जायचं होतं. बिल्ला म्हणजे छातीवरचा एक कापडी तुकडा, पण तो असला की पनामा, मेक्सिको, आर्जेन्टिना, कुठेही सामने मिळतात. पस्तिशीनंतर पहिल्यांदा कुणाचं नाव पाठवत नाहीत, आणि मला जूनमध्ये पस्तीस पूर्ण होणार होती. म्हणजे जानेवारीत पंचांच्या समितीनं नाव पाठवलं तर पाठवलं, नाहीतर जन्मभर गावच्या जत्रेतले सामने. माझा नवरा वितो ब्रेडची गाडी चालवतो. त्यानं गाडीवर सगळीकडे सांगूनही टाकलं होतं, "आमची नेरेइदा आता विमानातून शिट्टी वाजवणार."

जानेवारीतल्या तीन राजांच्या सणाच्या आदल्या दिवशी मोन्तेयानो गावात लीगचा अंतिम सामना होता. मोन्तेयानोविरुद्ध लास पाल्मास. पंच आम्ही दोघं, मास्तर प्रमुख आणि मी. मी सकाळभर आईकडे बसून, केळीच्या पानात उकडायच्या पास्तेलेसाठी कच्ची केळी किसत होते, बोटं अजून काळी होती. मास्तर मात्र सकाळपासून शाळांचे सामने करून थेट आले होते. दमलेले दिसत होते. वय साठीला आलेलं, पण समितीत नियम-प्रमुखाची जागा रिकामी होणार होती आणि ती मास्तरांनाच मिळणार हे सगळे धरून चालले होते, त्यामुळे कुठल्याही सामन्याला नाही म्हणणं त्यांना परवडत नव्हतं.

"आज कुठे?" त्यांनी विचारलं.

"जगात, मास्तर. तुमची दोरी बदला, लालच आहे अजून."

ते हसले, दोरी बदलली. मी पण हसले. दोरी गळ्यात असते आणि नियम डोक्यात, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही.

सामना कसा झाला ते सांगत बसत नाही. गर्दी, ढोल, आणि माझ्या नावानं नेहमीचा आरडाओरडा. "नेरेइदा, चष्मा घरी विसरलीस का!" "नेरेइदा, घरी जा, भात करपला!" शेवटी मोन्तेयानो एका गुणानं मागे आणि घड्याळात चारेक सेकंद. त्यांच्या लांबड्या पोरानं बॉल टाकला. मी रिंगखाली होते, धक्काबुक्कीवर नजर ठेवून, कारण खालच्या पंचाचं काम ते. रिंगवर बघायचं काम मागच्या पंचाचं, म्हणजे मास्तरांचं. बॉल रिंगला लागून वर उडाला, परत रिंगवर पडला, आणि लास पाल्मासच्या एका पोरानं उडी मारून तो फटकन बाहेर मारला. त्यांच्याच दुसऱ्या पोरानं तो पकडला. वेळ संपल्याचा भोंगा वाजला नव्हता. वाजून गेल्यावर हात लागला असता तर गोष्ट वेगळी, पण वाजला नव्हता. सगळं नियमात होतं.

आणि शिट्टी वाजली.

माझा हात वर गेला. इतक्या वर्षांची सवय, शिट्टी ऐकली की हात वर. वर गेल्यावर कळलं की मास्तर बास्केट मोजतायत. त्यांनी दोन बोटं खाली झटकली आणि मोन्तेयानोनं कोर्टवर उड्या घेतल्या. लोक कठडे ओलांडून आले, एका म्हातारीनं मला मिठी मारली. मी तिला बाजूला सारून धावत मास्तरांपाशी गेले आणि तोंडावर हात धरून म्हणाले, "मास्तर, आपण जगात आहोत."

"काय?"

"जगात आहोत. तिकडे नाही. बॉल रिंगला लागला होता, तो मारू शकतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या माणसाचा चेहरा असा कधी बघितला नव्हता, कलप लावलेली मिशी सोडून सगळं पांढरं पडलं.

"भोंगा?"

"नव्हता वाजला. तुमची शिट्टी आधी."

"माहितीये," ते म्हणाले. "मला माहितीये गं."

मग त्यांनी जे केलं त्याला हिंमत लागते, हे मी आजही नाकारत नाही. त्या गर्दीच्या मधोमध उभं राहून त्यांनी दोन्ही हात आडवे हलवले. बास्केट रद्द. बॉल लास पाल्मासचा, उरलेला वेळ खेळा. ढोल थांबले. पहिला बिअरचा ग्लास माझ्या पाठीवर फुटला.

मोन्तेयानोचा प्रशिक्षक न्येको, मानेच्या शिरा ताणून धावत आला. "आधी दिली, मग काढली? पोरखेळ मांडलाय का रे इथं? गावात आग लावायचीय तुम्हाला?"

मास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. गुण लिहिणारे टेबलावरचे लोक ऐकत होते, लीगचा निरीक्षक ऐकत होता, आणि हातभर अंतरावर मी उभी होते.

"न्येको, शांत हो. पोरीची चूक झाली," ते म्हणाले. "सकाळी शाळांचे सामने केलेत तिनं, डोक्यात तेच राहिलं. मी दुरुस्त केलं. होतं असं."

न्येको माझ्याकडे वळला. तो काय बोलला ते लिहिण्यासारखं नाही.

आणि मी गप्प राहिले. घाबरून नाही. कोर्टवर जोडीदाराला खोटं पाडायचं नाही, हे माझ्या हाडात भिनवलेलं होतं, आणि भिनवणारा समोर उभा होता. उरलेला वेळ खेळून झाला, लास पाल्मास जिंकलं, पोलिसांनी आम्हाला मधे घेऊन कपडे बदलायच्या खोलीत नेलं. दार लागल्यावर मी तोंड उघडलं.

"शिट्टी तुमची होती."

मास्तर बाकावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होते. वर बघितलं नाही. "हो."

"मग?"

"मी नियम शिकवतो, नेरेइदा. या बेटावर अर्धे पंच माझ्या हाताखालून गेलेत. रिंगचा नियम मी चुकलो हे बाहेर गेलं तर माझ्याकडून उद्या कोण शिकेल? लोक हसतील."

"आणि माझ्यावर?"

"तुझं विसरतील. तुझ्यापुढे वर्षं पडलीयेत."

"नाही पडलीत, मास्तर! जूनपर्यंत आहे माझ्याकडे. तुम्हाला माहितीये. तुम्हीच अर्ज करायला लावलात."

"समितीत मी बसतो ना," ते म्हणाले. "मी बघतो. तू काळजी करू नकोस." मग पिशवीतून टॉवेल काढून माझ्याकडे धरला, पाठीवरची बिअर पुसायला. तो टॉवेल मी घेतला, याची मला सगळ्यात जास्त चीड येते.

घरी येईपर्यंत गावच्या चॅनेलवरचा तुकडा सगळ्यांच्या फोनवर पोचला होता. कॅमेरा बॉलच्या मागे असतो, त्यामुळे चित्रात रिंग, उडी मारलेलं पोर, आणि खाली मी. शिट्टीचा आवाज येतो. मास्तर चौकटीच्या बाहेर, पार मागे. माझ्या तोंडात शिट्टी आणि हात सरळ वर. वितोनं तो तुकडा पुन्हा पुन्हा बघितला.

"नेरे, खरं सांग. माझ्याशी काय लपवायचं?"

"मी वाजवली नाही."

"मग हात कशाला वर केलास, बाई?"

मी त्याला दंडक समजावून सांगितला. तो ब्रेडची गाडी चालवणारा माणूस, त्यानं जरा वेळ डोकं खाजवलं. "म्हणजे तो पादला तरी तू नाक धरायचं," तो म्हणाला. मला हसू आलं आणि मग रडू आलं. त्यानं मला जवळ घेतलं, पण त्याचा विश्वास बसला की नाही, हे मी अजून त्याला विचारलेलं नाही.

समितीसमोर मला महिनाअखेर बोलावलं. अध्यक्ष बेर्मूदेस वकील, शेजारी आणखी दोघं, आणि टोकाला मास्तर, इस्त्रीच्या शर्टात. मास्तर 'बघतो' म्हणाले होते, म्हणून मी आधी वाट पाहिली. ते टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याकडे बघत राहिले.

"बॉल रिंगवर आहे, भोंगा वाजलेला नाही, बचाव करणाऱ्यानं मारला," वकील म्हणाले. "आंतरराष्ट्रीय नियमानं काय?"

"खेळ चालू."

"म्हणजे नियम माहितीये तुम्हाला."

"पाठ आहे."

"मग माहीत असून शिट्टी वाजवलीत? अज्ञान समजू शकतो आम्ही, बाई. हे तर त्याहून वाईट."

"रिंग माझी नव्हतीच," मी म्हणाले. "मी खाली होते. रिंगवर मागचा पंच बघतो. मी तिकडे बघतसुद्धा नव्हते."

दुसऱ्या सदस्यानं मान हलवली. "म्हणजे जोडीदाराच्या हद्दीत शिट्टी. तेही न बघता."

"सकाळी मी शाळांचे सामने केलेच नव्हते! मी आईकडे होते. शाळांचे सामने कुणी केले ते विचारा."

"म्हणजे दमलेल्याही नव्हतात," वकील म्हणाले.

तेव्हा मला समजलं की या खोलीत खरं बोललेला प्रत्येक शब्द माझ्याच अंगावर येणार आहे. म्हणून उरलेला शेवटचाही बोलून टाकला. मास्तरांकडे बोट केलं. "शिट्टी यांनी वाजवली. मी फक्त हात वर केला, कारण यांनीच तसं शिकवलं. आणि चूक मी यांच्या लक्षात आणून दिली. विचारा त्यांना. इथं, माझ्यासमोर विचारा."

कुणी विचारलं नाही. सगळे मास्तरांकडे नुसते बघत राहिले, आणि मास्तर माझ्याकडे. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी शपथेवर सांगते, खोटं नव्हतं ते पाणी.

"तिला फार बोलू नका," ते म्हणाले. "रागात आहे, मी मनावर घेत नाही. प्रमुख पंच मी होतो. सगळी जबाबदारी माझी."

"हा तुमचा मोठेपणा, मास्तर," वकील म्हणाले.

माझ्या जागी पोन्से शहरातल्या एका मुलाचं नाव गेलं. चांगला पंच आहे, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मास्तरांना वसंतात नियम-प्रमुख केलं. मोन्तेयानोला जाऊ नकोस असं मला तोंडी कळवण्यात आलं, माझ्याच सुरक्षिततेसाठी. जून आला, वितोनं केक आणला, त्यावर मेणबत्त्या लावू नकोस म्हणून मी त्याच्याशी भांडले.

ऑगस्टमध्ये पंचांचं वार्षिक शिबिर असतं. न गेल्यास सामने मिळत नाहीत, म्हणून गेले, मागच्या रांगेत बसले. मास्तरांनी पडद्यावर तो तुकडा लावला. माझा चेहरा त्यांनी झाकून घेतला होता, तेवढी सभ्यता होती त्यांच्याकडे. पण हात, तोंडातली शिट्टी आणि केसांचा अंबाडा दिसत होता, आणि सभागृहातले सगळे मान न वळवता मला बघत होते.

"नाव महत्त्वाचं नाही," मास्तर म्हणाले. "सकाळचे नियम संध्याकाळी डोक्यात राहणं, हे कुणाचंही होऊ शकतं. तुमचं, माझं."

"माझं" म्हणताना त्यांचा आवाज जरासा अडकला. बाकी कुणाला कळलं नसेल. मी वर्षानुवर्षं त्या आवाजाच्या बरोबर धावले होते, मला कळलं. मला वाटलं, आता बोलतील. आता तरी. मी खुर्चीत सरळ होऊन बसले. ते घोटभर पाणी प्यायले आणि त्यांनी पडद्यावरचं चित्र बदललं.

पुढे मला ऐकावा लागला तो विनोद चहाच्या सुट्टीतच कुणीतरी पहिल्यांदा केला असणार. मी तिथं नव्हते, मी गाडीत बसून होते.

त्यानंतर मी दक्षिणेकडचे सामने सोडले. पश्चिम किनाऱ्यावर मला फारसं कुणी ओळखत नाही. लांब पडतं, पण सामने मिळतात. पुढच्या मार्चमध्ये तिथल्या एका गावात साध्या साखळी सामन्याला माझा जोडीदार म्हणून इस्माएल नावाचा माणूस आला. चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा, पोस्टात कामाला. आम्ही कधी भेटलो नव्हतो. घाईघाईनं शर्ट खोचत, घाम पुसत तो म्हणाला, "बाई, एक विनंती करतो, हसू नका. सकाळपासून शाळांचे सामने करून आलोय. रिंगवर काही झालं तर मला डोळ्यानं खुणवा. मला नेरेइदा करायची नाहीये."

"काय करायची नाहीये?"

"नेरेइदा. तुमच्याकडे म्हणत नाहीत? आमच्याकडे सगळे म्हणतात. सकाळचा नियम संध्याकाळी वाजवला की नेरेइदा झाली. परवा आमच्या एकानं भर सामन्यात सलग दोन नेरेइदा केल्या, कोचनं त्याला शर्टाला धरलं." तो मनापासून हसला.

मी बुटाची नाडी बांधत होते. ती बांधून झालेली होती, तरी बांधत राहिले.

"कोण होती ती?"

"काय माहीत. होती कुणीतरी. म्हणतात, स्वतः चूक केली आणि वर आपल्या मास्तरांचं नाव घेतलं. ज्यानं हाताला धरून शिकवलं त्याचं! सांगा बघू." त्यानं शिट्टी गळ्यात अडकवली आणि हात पुढे केला. "बरं, मी इस्माएल. मला नुसतं 'बुर्गोस' एवढं आडनावच कळवलंय. तुमचं नाव काय?"

"बुर्गोसच म्हणा," मी म्हणाले. "सगळे तेच म्हणतात."